पुनाजीचा खराटा आणि मर्यादवेल

समुद्राकाठच्या एका गावात पुनाजी नावाचा एक फार नेटका माणूस राहत होता. नेटकेपणा वाईट नाही. मीठही वाईट नाही, पण म्हणून कोणी ते मुठीने खात नाही. पुनाजी नेटकेपणा मुठीने खायचा. विहिरीवरच्या कळश्या त्याने उंचीप्रमाणे मांडलेल्या असत. नारळाच्या सुक्या झावळ्यासुद्धा तो देठ एका बाजूला करून रचायचा. अंगणात पान पडलं की ते जमिनीला टेकायच्या आत पुनाजी खराटा घेऊन हजर, असं त्याची बायको द्वारका सांगायची. बायको सांगते म्हणजे त्यात थोडी भर असणार. पण फार नाही. त्याच्या अंगणातून चालताना कोंबड्यासुद्धा पाय जपून टाकायच्या.

पुनाजीचं घर समुद्राकडे तोंड करून होतं. घराभोवती नारळी-पोफळीची वाडी, वाडीत फुलझाडं आणि भाजीपाला. वाडीच्या पुढे वाळूचा लांबच लांब उंचवटा होता, आणि त्याच्या पलीकडे समुद्र. या उंचवट्यावर कोणीही न लावलेली झाडं होती. आपट्याच्या पानासारखी पानं असलेली मर्यादवेल वाळूवर पसरलेली असायची आणि रोज सकाळी जांभळ्या फुलांनी भरून जायची. रावणाच्या मिशा म्हणतात ते टोकदार गवत होतं. सागरगोट्यांचं काटेरी झुडूप होतं. वाडीच्या अगदी तोंडाशी केवड्याचं दाट बन होतं. हे सगळं पुनाजीच्या डोळ्यांत सलायचं. पण ते वाडीच्या बाहेर होतं, म्हणून तो इतकी वर्षं दात खाऊन गप्प बसला होता.

शेजारच्या वाडीत झिलू राहायचा. देवाने झिलूच्या वाट्याचा उत्साहही पुनाजीलाच देऊन टाकला असावा. झिलू पडलेला नारळ उचलायचा, पण तो पायाशी पडला तर. एरवी तो उंडीच्या झाडाच्या सावलीत बाजेवर पडून असायचा आणि समुद्र नीट चालला आहे ना, एवढंच बघायचा. त्याच्याही वाडीपुढे तसाच उंचवटा होता आणि तशीच रानटी झाडं होती. झिलूला ती कधी सलली नाहीत. सलण्यासाठीसुद्धा थोडी मेहनत लागते.

आता या गावाची एक रीत होती. चैत्री पौर्णिमेला गावची देवी माउली पालखीतून समुद्रावर आंघोळीला जायची. परत येताना ती गावातल्या एका घरापुढे थांबायची. त्या वर्षी त्या घराचा मान. त्या घरच्यांनी आपल्या वाडीतल्या फुलांची वेणी देवीला घालायची आणि आपल्या वाडीत पिकलेला एक कोहळा तिच्या पुढ्यात ठेवायचा. बाजारातून आणलेला चालत नसे. शेजाऱ्याकडून मागितलेला तर मुळीच नाही. ज्याच्या वाडीत काही पिकलं नाही, त्याचा मान पुढच्या घरी जायचा. गाव मोठं होतं, त्यामुळे पाळी आयुष्यात एकदाच यायची. पुनाजीचे वडील पाळीची वाट बघत बघतच गेले होते. जाताना ते पुनाजीला म्हणाले होते, "माझ्या वेळेक माउली दारात येवक नाय. तुझ्या वेळेक येतली. चांगला कर."

आणि त्या वर्षी पाळी पुनाजीच्या घराची आली.

पुनाजीला दिवाळीपासूनच झोप लागेना. त्याने झेंडू लावला, शेवंती लावली, अबोली लावली. कोहळ्याच्या बिया निवडून निवडून पेरल्या. मग तो दारात उभा राहिला आणि त्याने समुद्राकडे बघितलं. माउली याच वाटेने वर येणार. आणि तिला काय दिसणार? वेलींचं जाळं, काटे, गवत, केवड्याचं रान. पुनाजीला शरमच वाटली. पाहुणा येणार म्हटल्यावर माणूस अंगण झाडतो. पुनाजीने ठरवलं की वाडीपासून समुद्रापर्यंत सगळंच अंगण करायचं.

दुसऱ्या दिवशी तो कोयता आणि कुदळ घेऊन उंचवट्यावर चढला. मर्यादवेल ओढून काढताना वाळूतून दोरखंड निघावा तशी लांबच लांब निघत होती. त्याने ती गुंडाळून जाळली. गवत खणून काढलं. सागरगोट्याचं झुडूप तोडताना हात ओरबाडले, तरी तो थांबला नाही. शेवटी केवडा आडवा केला. केवड्याच्या आत एक लहानसं पोळं होतं. मधमाश्या उठल्या, दोन-तीन गिरक्या घेऊन शेजारी झिलूच्या बाजूला गेल्या. एक मुंगूस बाहेर आलं, पुनाजीकडे वळून बघून तेही झिलूच्या बाजूला गेलं. फुलपाखरं गेली. इवलासा शिंजीर पक्षी मोडलेल्या फांदीवर बसून खूप वेळ चिवचिवला आणि मग तोही गेला. खेकडे तर कधीच तिरके पळाले होते. अशा रीतीने पुनाजीचं सगळं बिऱ्हाड झिलूकडे राहायला गेलं, आणि पुनाजीला वाटलं की जागा मोकळी झाली.

मग तो झिलूकडे गेला. म्हणाला, "झिलू, तुझ्या फुडचाय साफ कर. माउलीक तुझा रान दिसतला."

झिलूने बाजेवरून मान उचलली. "मान तुझो आसा," तो म्हणाला. "माझी कंबर कित्याक वाकवतंस?" आणि मान पुन्हा ठेवून दिली.

पुनाजी चिडून परत आला. त्याने उंचवटा खोऱ्याने ओढून सपाट केला आणि वाळूवर खराटा फिरवला. खराट्याच्या रेघा थेट लाटांपर्यंत गेल्या. द्वारका पदर खोचून बघायला आली. बराच वेळ तिने बघितलं.

"साफ दिसता," ती म्हणाली. "पण उघडा दिसता."

"साफ म्हणजे उघडाच," पुनाजी म्हणाला.

गावातले लोक ती वाळू बघायला येऊ लागले. इतकी गोरीपान वाळू कोणी बघितली नव्हती. लोक पुनाजीची वाहवा करायचे, आणि जाता जाता झिलूच्या रानाकडे बघून हसायचे. पुनाजीही हसायचा. आळशी माणसाला हसण्यात पुण्य लागतं अशी त्याची समजूत होती. रोज सकाळी तो उठून आधी समुद्रापर्यंत झाडून यायचा आणि मग चहा प्यायचा.

माघ सरता सरता वारा फिरला. समुद्रावरून दुपारचा वारा जोराने येऊ लागला. तो दर वर्षीच यायचा, पण दर वर्षी तो वाळूवर आला की वेलींत अडखळायचा, गवतात अडकायचा आणि केवड्यावर डोकं आपटून दमून जायचा. या वर्षी त्याला अडवायला कोणी नव्हतं. झाडलेली, सपाट, मोकळी वाळू त्याने उचलली आणि थेट पुनाजीच्या वाडीत आणून ओतली.

पहिल्या दिवशी तुळशीपाशी वाळूची एक रेघ दिसली. पुनाजीने ती झाडली. दुसऱ्या दिवशी अंगणभर वाळू होती. त्याने तीही झाडली. मग ती पोफळीच्या आळ्यांत आली, विहिरीच्या पायरीवर आली, गोठ्यात आली. भातात कचकच लागायला लागली. द्वारका पान वाढताना म्हणाली, "समुद्र आमच्या वांगडा जेवूक बसलो आसा." पुनाजीच्याही दाताखाली वाळूच होती.

त्याने झापांचं कुंपण घातलं. नारळाच्या झावळ्यांची विणलेली झापं उभी करून काथ्याने घट्ट बांधली. एका दुपारी वाऱ्याने त्यातलं मोठं झाप उचललं आणि नेऊन झिलूच्या बाजेवर टाकलं. झिलूने डोळे न उघडता ते अंगावर नीट ओढून घेतलं. त्याला आयती सावली झाली.

वाळूबरोबर खारही येत होता. झेंडूची पानं कडांनी करपली. शेवंती कळीतच सुकली. विहिरीच्या आडोशाला अबोलीची चार रोपं तेवढी जीव धरून राहिली. पण खरी काळजी कोहळ्याची होती. कोहळ्याची वेल घराच्या मागच्या बाजूला होती. तिथे वाळू कमी पोचायची. वेल वाढली, मांडवावर चढली, पिवळी फुलं आली. फुलांच्या मागे लवदार इवले कोहळेही दिसू लागले. पुनाजीच्या जिवात जीव आला. पण ते अंगठ्याएवढे झाले की पिवळे पडायचे आणि गळायचे. त्याने शेण घातलं. राख घातली. मासळीचं खत घातलं. पानं ताटाएवढी झाली, फळ मात्र एकही धरेना. रोज सकाळी मांडवाखाली गळलेल्या कोहळ्यांचा सडा पडलेला असे, आणि पुनाजी तो झाडून काढत असे. झाडताना त्याला बाप आठवायचा.

एकदा द्वारका मांडवाखाली उभी राहिली आणि म्हणाली, "हय सकाळी भुणभुण असायची. यंदा आयकाक येणा नाय."

पुनाजीने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्याला वाटलं, बायकांना नको तिथे आवाज ऐकू येतात.

फाल्गुन संपत आला. आता मात्र पुनाजीला दम धरवेना. झिलूच्या वाडीत काही पिकलं असेल अशी त्याला आशा नव्हती. पण त्याचेही कोहळे असेच गळतात का, एवढं तरी विचारावं म्हणून एका सकाळी तो मान खाली घालून झिलूकडे गेला. आणि वाडीत पाऊल टाकताच जागच्या जागी उभा राहिला.

झिलूच्या वाडीत आपोआप रुजलेल्या वेलींना कोहळेच कोहळे लागले होते. अंगाला राख फासून गोसावी बसावेत तसे ते जमिनीवर जागोजाग बसले होते. झेंडू फुलला होता. वाळूचा कण नव्हता.

"झिलू," पुनाजी म्हणाला, "खत खयचा घालतंस?"

"खत?" झिलू म्हणाला. "ता घालूक कोण जातलो?"

"मगे पाणी?"

"पाटाचा येता तितक्या येता."

"मगे तू करतंस काय?"

झिलूने मनापासून विचार केला. "काय नाय," तो म्हणाला.

त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. झिलूला खोटं बोलण्याचाही कंटाळा होता. पुनाजी हताश होऊन खाली बसला. बाज झिलूने व्यापलेली होती, म्हणून तो उंचवट्याच्या कडेला, मर्यादवेलीजवळ बसला. आणि हातात खराटा नसल्यामुळे, बऱ्याच दिवसांनी तो नुसता बघत राहिला.

त्याला दिसलं की वारा वाळू घेऊन येतो आणि ती वेलीच्या पानांशी पडते. वाळू वर चढली की वेलही वर चढते आणि पुन्हा वाळूच्या डोक्यावर बसते. त्यातून जे थोडं निसटेल ते गवत धरतं. खारा वारा केवड्यावर आपटतो आणि आत येतो तो पंख्याच्या वाऱ्यासारखा मऊ होऊन. जांभळ्या फुलांत मधमाश्या शिरत होत्या आणि पाठीला पांढरा कण लावून बाहेर येत होत्या. एक काळा भुंगा आला, फुलात डोकं घालून बसला आणि मग उडून थेट कोहळ्याच्या पिवळ्या फुलावर गेला. त्याच्यामागे मधमाश्या गेल्या. एका कोहळ्याच्या फुलावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. सकाळभर त्यांचं ते काम चाललं होतं, आणि सगळी वाडी भुणभुणत होती.

पुनाजीने मान वळवून आपल्या बाजूला बघितलं. तिथे पांढरी, रेघा ओढलेली, मोकळी वाळू होती. तिच्यावर एक माशीही नव्हती.  कोणी समजावून सांगावं लागलं नाही. आपण आपल्या वाडीचं कुंपणही उपटलं आणि वाडीतले मजूरही हाकलले, हे त्याचं त्यालाच कळलं. आणि पौर्णिमा तर तोंडावर आली होती.

त्याचा चेहरा बघून झिलूला वाईट वाटलं. झिलू आळशी होता, दुष्ट नव्हता. "एक कोहळो ने," तो म्हणाला. "कोहळ्यार काय माझा नाव लिवलेला नाय."

"शेजाऱ्याचो चलणा नाय."

"माउलीक सांगतलो कोण? मी तरी जातलंय नाय. देवळाक चढाव आसा."

पुनाजी बराच वेळ घुटमळला. एकीकडे रीत होती, दुसरीकडे बापाचे शब्द. शेवटी त्याने एक मोठा कोहळा उचलला, पंच्याखाली झाकला आणि घरी आणला. द्वारकेने कोहळा बघितला. मग मांडवाकडे बघितलं. तिने कोहळा धुतला आणि त्याला हळदकुंकू लावलं. विहिरीकडच्या अबोलीची तिने एक वेणी केली. फुलं इतकी थोडी होती की वेणी वीतभरच झाली. तिला ती दाखवायचीही लाज वाटली. तिने ती ओंजळीत लपवून ठेवली.

पौर्णिमेचा दिवस उजाडला. पुनाजीने दारात रांगोळी घातली आणि शेवटचा एकदा समुद्रापर्यंत खराटा फिरवला. ढोल वाजू लागले. माउलीची पालखी देवळातून निघून समुद्रावर गेली, आंघोळ झाली आणि सगळं गाव मागे घेऊन परत फिरली. तोवर ऊन डोक्यावर आलं होतं.

पालखीचे भोई अनवाणी असतात. ओल्या वाळूवरून ते डौलात आले. मग पुनाजीच्या झाडलेल्या वाळूवर त्यांनी पाय ठेवला. चैत्रातली दुपारची वाळू ती, आणि तिच्यावर सावलीला एक पानसुद्धा नव्हतं. पुढचे दोन भोई उडालेच. मागचे दोघे त्यांच्यामागे उडाले. पालखी डोलू लागली. त्या गावात असं मानतात की पालखी भोई चालवत नाहीत, माउली आपल्या मनाने चालते. माउली एक पाय पुढे गेली, दोन पाय मागे आली, मग एकदम वळली आणि भराभरा झिलूच्या मर्यादवेलीवर जाऊन उभी राहिली. वेलीची पानं गार होती. भोयांनी सुस्कारा सोडला, आणि तिथून हलायचं त्यांच्या काही मनात दिसेना.

ढोल थांबले. झिलू झापाच्या सावलीत झोपला होता. आवाज थांबला म्हणून त्याला जाग आली. त्याने डोळे उघडले, तर समोर साक्षात माउली. त्याने हात जोडले आणि नम्रपणे सांगितलं, "पुनाजीचा घर तकडे आसा."

लोक हसले, पण गावकर हसला नाही. गावकर म्हणजे गावाचा प्रमुख. देवीपुढे सगळ्या गावाच्या वतीने गाऱ्हाणं तोच घालायचा. तो म्हणाला, "माउली थांबली ती थांबली. पुनाजीक हकडे बोलवा."

पुनाजी कोहळा पोटाशी धरून निघाला. स्वतःच्या वाळूवरून त्याला स्वतःला चालावं लागलं. तळपाय भाजत होते, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. मागून ओंजळ मिटून द्वारका आली. सगळं गाव वेलीभोवती गोळा झालं.

गाऱ्हाण्याची रीत अशी असते की गावकर एक वाक्य बोलतो आणि सगळं गाव एका आवाजात म्हणतं, "व्हय म्हाराजा." गावकर काय बोलला याकडे कोणी फार लक्ष देत नाही. वाक्य संपलं की तोंडातून आपोआप बाहेर पडतं.

गावकराने हात जोडले. "बा माउली म्हाराजा, आज तू आंघोळ करून इलंस…"

"व्हय म्हाराजा."

"यंदाचो मान पुनाजीच्या घराक इलो…"

"व्हय म्हाराजा."

"तेणी आपल्या वाडीत पिकवलेलो कोहळो तुका हाडल्यान…"

"नाय म्हाराजा."

 गाऱ्हाण्यात 'नाय म्हाराजा' म्हणणारा माणूस त्या गावाने कधी ऐकला नव्हता. गावकराचे जोडलेले हात तसेच राहिले. सगळे बघू लागले. बोलला होता तो पुनाजी. त्याचा चेहरा घामाने भिजला होता, पण आवाज कापत नव्हता.

"बा माउली म्हाराजा," तो म्हणाला, "हो कोहळो माझो नाय. झिलूचो."

कोणालाच काय म्हणावं ते कळेना. मागे एक म्हातारा होता, त्याला ऐकू कमी यायचं. वाक्य संपलं एवढं त्याला दिसलं, म्हणून सवयीने तो म्हणाला, "व्हय म्हाराजा." मग सगळ्यांनीच म्हटलं.

"माझ्या वाडीत यंदा एक फळ धरूक नाय."

"व्हय म्हाराजा."

"कित्याक, तर तू राखणेक लावलेली वेल मी उपटलंय. केवडो तोडलंय. माश्यांचा घर मोडलंय."

"व्हय म्हाराजा."

"समुद्राची वाळू मी अंगण समजान झाडत बसलंय."

"व्हय म्हाराजा."

"आणि झिलूक खुळो म्हणान हसलंय. खरो खुळो मीच."

"व्हय म्हाराजा," सगळ्या गावाने म्हटलं, आणि हे सगळ्यात मोठ्याने. त्यात द्वारकेचा आवाज तर अगदी स्पष्ट ऐकू आला. पुनाजीने वळून तिच्याकडे बघितलं आणि त्याला हसू फुटलं. ते बघून भोई हसले, ढोलवाले हसले. पालखीही हलली म्हणतात, पण ती भोयांच्या हसण्याने हलली असेल.

गावकराने डोळे पुसले. तो झिलूला म्हणाला, "कोहळो तुझो. माउलीक देतंस?"

"दिलो," झिलू म्हणाला. "आता तो परत कोण नेतलो?"

मग गावकर पुनाजीकडे वळला. "रीत म्हणता, सोताच्या वाडीतला व्हया. तुझा सोताचा काय आसा?"

पुनाजीने मान खाली घातली. तेव्हा द्वारका पुढे आली आणि तिने ओंजळ उघडली. वीतभर अबोलीची वेणी. उन्हाने थोडी मलूल झालेली, पण त्यांच्या वाडीतली, त्यांच्या हातची. गावकराने ती दोन्ही हातांनी घेतली आणि माउलीला घातली. "पावला," तो म्हणाला. "मान पुनाजीचोच."

पुनाजी तिथेच वेलीवर बसला आणि रडला. बापाच्या आठवणीने रडला असेल, किंवा पाय भाजले होते म्हणूनही असेल. त्याने कारण सांगितलं नाही आणि कोणी विचारलं नाही.

पावसाच्या तोंडावर पुनाजीने झिलूच्या उंचवट्यावरून मर्यादवेलीचे तुकडे आणले आणि आपल्या वाळूत लावले. लावताना त्याने दोरी धरून सरळ रांगा केल्या. खोड एकदम कशी जाणार? पण वेलीला रांग माहीत नव्हती. गणपतीपर्यंत तिने सगळ्या रांगा मोडल्या आणि मन मानेल तिकडे धावली. पुनाजीने खराट्याकडे एकदा बघितलं आणि तो अंगणातच ठेवून दिला. केवड्याची फूट त्याने वाडीच्या तोंडाशी लावली. कुंपणाला निर्गुडी लावली. तिच्या निळ्या तुऱ्यांवर आधी मधमाश्या आल्या, मागून फुलपाखरं आली. मुंगूसही एकदा येऊन पाहणी करून गेलं.

गावातले लोक आता झिलूकडे सल्ला विचारायला जाऊ लागले. वाडी कशी राखावी, असं कोणी विचारलं की तो म्हणायचा, "वायच पडान ऱ्हवा." मग लोक पुनाजीकडे जायचे. तो त्यांना उंचवट्यावर बसवायचा आणि नुसतं बघायला सांगायचा. हळूहळू गावात कोणी उंचवट्यावरची झाडं तोडेनासं झालं. पालखीसाठी तेवढी माणूसभर रुंदीची पायवाट ठेवली, तीही वेलीच्या कडेकडेने.

पुढच्या वर्षी पुनाजीच्या मांडवाला कोहळे लटकले. त्यातला सगळ्यात मोठा उतरवून, पुसून, तो झिलूकडे घेऊन गेला. झिलू बाजेवर होता.

"झिलू, हो तुझो कोहळो. गेल्या वर्साचो."

झिलूने एक डोळा उघडला. कोहळा खरंच मोठा होता.

"थयच ठेव," तो म्हणाला. "आणि वायच बस. माश्या बघ कश्यो येतत."

पुनाजी बसला.

तात्पर्य: जे आपण लावलं नाही ते निरुपयोगी असतं असं नाही. उपटण्याआधी ते कोणाकोणाला सांभाळतं आहे ते बघावं. आणि चूक झालीच, तर सगळ्यांदेखत 'माझं चुकलं' म्हणावं, म्हणजे हातात उरलेलं थोडंही देवाला पुरतं.